ऑपरेशन जांघेतून, पट्टी छातीला

माझ्या हृदयाचं ऑपरेशन उजव्या जांघेतून झालं आणि घरी आल्यावर मी पट्टी छातीला लावली.

गुंगीत लावली असं कुणी समजू नये. चांगला शुद्धीवर होतो. आरशासमोर उभा राहून, डावीकडे झुकली तर नाही ना हे बघून लावली. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ या म्हणीचा वाक्यात उपयोग मी शाळेत केला होता. स्वतःच्या अंगावर उपयोग करायला सत्तरी ओलांडावी लागली.

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त होऊन मी राहात्यात राहतो. पेरूची थोडी बाग आहे. बागेतून घरी येताना दम लागू लागला, तेव्हा मी दोष बूट, ऊन आणि रस्ता या क्रमानं दिला. नगरच्या डॉक्टरांनी मात्र छातीला नळी लावून बराच वेळ कान दिला आणि म्हणाले, झडप गेली. आमच्याकडे बोअरच्या पाण्याचा क्षार नळाच्या तोटीला धरतो आणि पाणी करंगळीएवढं येऊ लागतं. माझ्या हृदयाच्या मोठ्या झडपेला तसाच क्षार धरला होता. वयानं धरतो म्हणे. त्यांनी मला पुण्याला धाडलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून नवी झडप काढून दाखवली. नमुन्याची होती. तारेच्या जाळीचं एक छोटं नळकांडं आणि त्याच्या आत पापुद्र्याच्या तीन पाकळ्या. ही जाळी दाबून दाबून बारीक करायची, एका लांब लवचिक नळीच्या टोकावर बसवायची, जांघेतल्या रक्तवाहिनीतून वर हृदयापर्यंत न्यायची आणि तिथं आतला फुगा फुगवून उघडायची. छाती उघडायची गरज नाही. मी विचारलं, मग जुनी झडप कुठून काढता? ते म्हणाले, काढतच नाही. नवी तिला बाजूला दाबते आणि तिच्याच जागी बसते. जुन्याला न हलवता नव्याला त्याच्याच खुर्चीत बसवायचं, हे आमच्या कारखान्यात कैकदा पाहिलं होतं. हृदयातही चालतं हे नवीन होतं.

ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांवर झापड होती, पण कान जागे होते. खोलीत झडपा बनवणाऱ्या कंपनीचा एक माणूस शिशाचा एप्रन घालून खोक्यांपाशी उभा होता. त्यानं डॉक्टरांना काहीतरी आकडा सांगितला आणि ‘मोठी साइज’ असे शब्द माझ्या कानावर आले. एवढ्या अवघड प्रसंगीही मला बरं वाटलं. आमच्या घरात बूट सोडला तर माझं कुठलंच माप मोठं नाही. मी डॉक्टरांना विचारणार होतो की सगळ्यांत मोठी का, पण सिस्टर म्हणाल्या, काका, बोलू नका. मग फुगा फुगवताना झडप जागची हलू नये म्हणून डॉक्टरांनी माझं हृदय मुद्दाम जोरात पळवलं. सांगून पळवलं, तरी मला वाटलं की संपलं. मग ते ठिकाणावर आलं आणि डॉक्टर म्हणाले, झालं. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, ऑपरेशन. मी अजून ते सुरू व्हायची वाट बघत होतो.

ती लांब नळी मला घरी न्यायची होती. मागितली. तशी वापरलेली वस्तू देत नाहीत, असं कळलं. त्याऐवजी एक कार्ड मिळालं, त्यावर माझं नाव आणि झडपेचा नंबर. दुसऱ्या दिवशी मला वॉर्डात चालवलं, आणि थोड्याच दिवसांत घरी सोडलं. जांघेत बारकी पट्टी होती, तीही निघाली. खाली उरला डास चावल्यासारखा एक ठिपका आणि भोवती निळसर डाग.

इथून माझं दुखणं सुरू झालं.

आमच्याकडे पेशंटला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, आणि रिकाम्या डोळ्यांनी परतही जात नाही. त्यानं सफरचंदं आणलेली असतात. पेरूवाल्याकडे पेरू कोण आणणार? त्या सफरचंदांच्या बदल्यात त्याला काहीतरी बघायचं असतं. टाके, नळी, प्लास्टर, निदान उशाशी सलाइनचा खांब. माझ्याकडे काय होतं? मी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. कार्ड दाखवलं तर लोक उलटंपालटं करून म्हणत, आधारसारखंच आहे की. आणि जिथं खरी खूण होती, ती जागा चारचौघांत दाखवण्यासारखी नव्हती.

त्यात आमच्या गल्लीत एक बायपासवाले आहेत. फार वर्षांपूर्वी त्यांची छाती उघडून ऑपरेशन झालं. गळ्यापासून पोटापर्यंत व्रण आहे. सकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर आम्ही रिटायर लोक बसतो, तिथं ते वरची दोन बटणं उघडी टाकून येतात. थंडीतसुद्धा. ते आले की कुणीतरी सरकून जागा देतं. भाव पडो, सरकार पडो, शेवटचा शब्द त्यांचा. छाती फाडून घेतलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

ते मला भेटायला आले. माझ्या गळ्याखाली त्यांनी शोधक नजर टाकली आणि विचारलं, कुठं? मी नजरेनंच खाली दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे अँजिओग्राफीच की.” मी म्हटलं, नाही हो, अख्खी झडप बदलली. ते म्हणाले, “लेंग्यातून?” बरोबरचे दोघं हसले. मीही हसलो, आणि ते गेल्यावर त्या हसण्याचा पश्चात्ताप केला.

चार दिवसांत गल्लीत पक्कं झालं की माझं हृदयाचं काही नव्हतंच, जांघेत काहीतरी झालं होतं. कुणी म्हणे हर्निया. कुणी म्हणे करट, पुण्याला जाऊन फोडून आणलं. मागच्या आळीतल्या एका बाईंनी माझ्या बायकोला सगळ्यांदेखत विचारलं, करटाचं कसं आहे आता? बायकोनं घरी येऊन मला हे जसंच्या तसं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी मेडिकलमधून जाळीचं कापड आणि कागदी चिकटपट्टी आणली. छातीच्या मधोमध, वीतभर लांब, चांगली जाड पट्टी लावली. बायको दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, लोकांच्या समाधानासाठी आहे, चार दिवसांत काढतो. ती म्हणाली, “मला कुणी विचारलं तर मी खरं सांगणार.” पण पेशंटच्या घरी माणसं पेशंटला विचारतात आणि बायकोकडून चहा घेतात. तिला कुणी काही विचारलं नाही.

पट्टीचा गुण लगेच आला. सदऱ्याच्या आतून पांढरी कड दिसली की माणसं हळू आवाजात बोलू लागली. मी खुर्ची सोडून खाटेवर आलो. ज्यांनी करटाची चौकशी केली होती त्या बाईंनी शहाळं पाठवलं. बायपासवाले पुन्हा आले, पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, दुखतं का? मी डोळे मिटले. डोळे मिटण्यासारखं उत्तर नाही. त्यात खोटं बोलावं लागत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं वरचं बटण लावलेलं मी पाहिलं.

खोट्याचंही एक व्रत असतं. जखम नसलेली ती पट्टी मी दिवसाआड बदलत होतो, आधी हात साबणानं धुऊन.

आता आक्काचं सांगायला हवं. आक्का माझी थोरली बहीण, घोडेगावला दिलेली. दाजी, म्हणजे तिचे यजमान, यांचा जन्म तिथल्या जनावरांच्या बाजारात गेला. गाय-बैलांचे सौदे जमवणं हा त्यांचा धंदा. जनावर कितीही लांबून दाखवा, ते जवळ जाऊन हात लावल्याशिवाय मत देत नाहीत. माणसांच्या बाबतीतही त्यांचं तेच. बोललेलं त्यांना पटत नाही.

त्या दाजींना माझ्यासारखंच झालं होतं. एका गायीचं दावं हातात असताना ते बाजारात चक्कर येऊन पडले. गाय बिचारी तिथंच उभी राहिली म्हणून निभावलं. तपासलं तर तीच झडप, तोच क्षार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की झडप बदलली नाही तर पुढची चक्कर कशी संपेल ते सांगता येणार नाही. पुण्याच्या त्याच दवाखान्यातली तारीखही मिळाली होती. दाजी तयार नव्हते. म्हणत, मला फाडून घ्यायचं न्हाई. छाती फाडत नाहीत, हे आक्कानं सांगितलं, मुलानं सांगितलं, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. दाजींनी चित्राला हात लावून बघितला आणि कागद परत दिला.

शेवटी आक्काचा मला फोन आला. म्हणाली, रविवारी ह्यांना घेऊन येते. तुझं झालेलं डोळ्यांनी बघितलं तर ऐकतील, दुसरं कुणाचं ऐकायचे नाहीत. मी म्हटलं, बिनधास्त आण, मी त्यांना सरळ करतो. रविवारी सकाळी पट्टी काढायची असं मी ठरवूनच टाकलं.

ते शनिवारी आले. घोडेगावहून एक टेम्पो राहात्याला गाय पोचवायला निघाला होता, त्यात पुढं दोघांना जागा मिळाली. गायीच्या सोयीनं माझी भेट एक दिवस अलीकडे आली.

मी खाटेवर होतो. बायपासवाले आणि ओट्यावरची आणखी दोन माणसं समोर बसली होती. रात्री डाव्या कुशीवर वळता येत नाही, असं मी त्यांना सांगत होतो, तेवढ्यात आक्का आत आली. मागून दाजी. उंबऱ्यातून खुर्चीपर्यंत येताना ते दोनदा थांबले. चेहरा मातकट झाला होता. पूर्वी हा माणूस अख्खा बाजारदिवस उभा काढायचा. आक्कानं पिशवी खाली ठेवायच्या आधीच, मोठ्या उमेदीनं मला म्हटलं, “दाखव रे ह्यांना. कुठं काय कापलंय का बघू देत.”

मी बायपासवाल्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थांबली. त्या क्षणी ‘दाजी, मागच्या खोलीत चला’ एवढं म्हणायची अक्कल मला असती तर हे लिहायची वेळ आली नसती. तेवढ्यात ओट्यावरच्या एकानं उत्साहानं माझ्या सदऱ्याची बटणं सोडली. म्हणाला, बघा, केवढं सोसलंय.

आक्काचं तोंड उघडंच राहिलं. दाजी उठले. खाटेशी आले, वाकले, आणि बैलाचा खांदा चाचपावा तसा त्यांनी पट्टीच्या कडेला तळवा ठेवला. हळूच दाबला. खरं सांगायचं तर त्यांचा हात थंडगार आणि बरा वाटला. पण समोर तीन माणसं डोळे लावून बसली होती, आणि न दुखणारी जखम ही कसली जखम. मी म्हटलं, “आई गं.”

आणि एवढ्यावर थांबलो नाही. थोडा कण्हलोही.

दाजींनी हात काढला. चहा झाला, त्यांनी बशीतून निम्मा प्यायला, आणि टेम्पो निघायची वेळ झाली असं म्हणून उठले. आक्का माझ्याकडे बघत होती. फसवलं गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो, फक्त आपल्याला कुणी फसवलं हे तिला कळत नव्हतं. दवाखान्यानं, की भावानं.

पाहुणे गेले. बायको आली, तिनं पट्टीचं एक टोक धरलं आणि एका हिसक्यात अख्खी ओढून काढली. छातीवरचे केस मुळासकट गेले. माझ्या हृदयाच्या आजारात छातीला झालेली तेवढीच वेदना. मी खरा ओरडलो, तर ती म्हणाली, हळू, माणसं गेली आहेत.

दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन. दाजींनी पुण्याला मुलाकडून कळवून तारीख रद्द केली होती. घरात कुणाशी बोलत नव्हते. माझी छाती बघितल्यापासून एकच वाक्य बोलले होते, की तुम्ही सगळे मिळून मला भुलवून नेत होता. मी आक्काला पट्टीचं खरं सांगून टाकलं. ती शिव्या देईल म्हणून मी फोन कानापासून लांब धरला होता. तिनं शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, “आता माझ्या बोलण्यावर त्यांचा इश्वास न्हाई. तू ये आणि तूच सांग. लवकर ये.” त्या ‘लवकर’नं मला रात्री खरोखरच डाव्या कुशीवर वळता आलं नाही.

प्रवासाला डॉक्टरांनी केव्हाच मोकळीक दिली होती. अडचण एकच, आमच्या गल्लीच्या हिशेबानं मी अंथरुणाला खिळलेला होतो. बायको म्हणाली, जाताना मागच्या दारानं जा, म्हणजे तुमची अब्रू झोपलेली राहील. मी कानाला मफलर गुंडाळून मागच्या दारानं निघालो. स्टँडवर पोचलो तर गाडी हललेली. मी धावलो, कंडक्टरला हाक मारली, दांडा धरून चढलो, खिडकीशी बसलो, मफलर सोडला आणि बाहेर पाहिलं. रसवंतीच्या बाकावर बायपासवाले बसले होते. हातातला ग्लास तोंडापर्यंत नेऊन तिथंच थांबलेला. मी त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार?

नेवासा फाट्यावर गाडी बदलून घोडेगावला उतरलो. बाजाराचा दिवस होता. दाजी घरी नव्हते. आक्का म्हणाली, डॉक्टरांनी नको म्हटलं तरी गेले, मुलाला बरोबर घेऊ दिलं नाही, जा. बाजार चांगला लांब. धुळीतून, जनावरांच्या मधून वाट काढत गेलो. दाजी एका टेम्पोच्या सावलीत पोत्यावर बसले होते. त्यांच्यासमोरून सौदे चालले होते आणि ते बसून नुसते बघत होते. मला पाहून म्हणाले, “पाव्हणं? तुमी?”

मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. बायपासवाले, करट, मेडिकल, पट्टी, माझं कण्हणं. पुण्याचे डॉक्टर आणि आक्का एक शब्द खोटं बोलले नाहीत, खोटा तेवढा मी. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “शिंगं तासून, तेल लावून म्हातारं बैल तरनं म्हनून इकताना मी ह्या बाजारात लई बघितल्यात. बहिनीनं पढवून धाडलंय तुमाला.”

मी सदऱ्याची बटणं सोडली. छातीच्या मधोमध पट्टीच्या मापाचा केस उपटलेला, तुळतुळीत चौकोन होता. दाजींनी त्यावर अंगठा फिरवला. दाबला. या वेळी मी तोंड मिटून होतो. त्यांनी पुन्हा, जरा जोरानं दाबला आणि माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. जनावर कुठं दुखतंय हे डोळ्यांत कळतं, असं ते म्हणतात. मग म्हणाले, “हितनं न्हाई, तर कुठनं घातलं?”

मी सांगितलं.

“दावा.”

मी आजूबाजूला पाहिलं. बाजार फुललेला. म्हटलं, दाजी, घरी चला. ते म्हणाले, घरी तुमची बहीन हाय, तिच्यासमोर मी काय बघू शकत न्हाई. आता दावा न्हाईतर जावा. आणि त्यांनी खांद्यावरचा मोठा पंचा काढला.

या बाजारात जुने लोक अजून सौदा तोंडानं करत नाहीत. घेणारा आणि विकणाऱ्याचा दलाल एकमेकांचा हात कापडाखाली धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. वर तोंडं कोरी, खाली आकडे पळतात. बघणाऱ्याला काही कळू नये अशी ही पद्धत. आम्ही दोघं टेम्पोच्या मागं उभे राहिलो, मी लेंग्याची नाडी सैल केली, दाजींनी पंचा आमच्या दोघांच्या मध्ये पसरला आणि त्याखाली हात घातला. आणि बाजारातल्या चार अनुभवी माणसांनी दुरून ते पाहिलं. मोठा सौदा दिसतोय म्हणून ती अदबीनं जरा अंतरावर येऊन उभी राहिली. मग आणखी दोघं आली.

मी आभाळाकडे बघत होतो. आयुष्यात माझ्यासाठी एवढी गर्दी कधी जमली नव्हती, आणि जमली तेव्हा नाडी सुटलेली होती. दाजींचं बोट चाचपत त्या ठिपक्यावर आलं.

“ह्यो?”

“हाच.”

“एवढाच?”

“एवढाच.”

“आनि खोटं न्हाई?”

“आता तुमचाच हात आहे तिथं, दाजी.”

त्यांनी बोट दोन-तीनदा त्यावरून फिरवलं. मग हात काढून घेतला. मी नाडी बांधली. ते पोत्यावर बसले आणि थोडा वेळ धापा टाकत राहिले. म्हणाले, “फाडायची भीती वाटत न्हाई मला. पर फाडल्याला मानूस परत बाजारात उभा ऱ्हात न्हाई. खाटंवर पडून ऱ्हातो आनि हात लावला का कन्हतो. तसं तुमाला बघितलं. तसं न्हाई जगायचं मला.”

एवढा वेळ मला वाटत होतं की दाजी पट्टीला घाबरले. ते पट्टीमागच्या माणसाला बघून घाबरले होते, आणि तो माणूस मी घरच्या घरी तयार केला होता.

तेच पुढं म्हणाले, “हितवर आलात कशानं?”

“एसटीनं.”

“स्टँडवरनं?”

“चालत.”

“ह्या उनात? दम न्हाई लागला?”

नव्हता लागला. ते माझ्याही आत्ताच लक्षात आलं. राहात्याला धावत गाडी पकडली हेही मी सांगितलं. दाजी माझ्या पायांकडे, बुटांवरच्या धुळीकडे बघत राहिले. ठिपक्यापेक्षा त्यांना ती धूळ जास्त पटली असावी. मग धंद्यातला माणूस जागा झाला आणि त्यांनी नव्या झडपेची चौकशी सुरू केली. कशाची असते? मी म्हटलं, जाळी धातूची, आणि पाकळ्या जनावराच्या काळजाभोवतीच्या पापुद्र्याच्या.

जनावराचं वय दातांवरून ठरवणारा हा माणूस पुढं सरकून बसला. “जनावर दाती किती हुतं?”

“ते मी नाही विचारलं.”

“मग काय इचारलं?”

नळी घरी नेऊ का असं विचारलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. दाजींनी नाराजीनं मान हलवली आणि म्हणाले, मी गेलो की मी इचारीन. ‘गेलो की’ हे शब्द मी ऐकले आणि काही न बोलता बसून राहिलो. बोललो असतो तर बिघडवलं असतं, एवढी ओळख आता मला स्वतःची झाली होती. त्यांनीच मोबाईल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तुमच्या बहिनीला लावा. म्हनावं, तारीख परत मागून घे. जवळची.”

आक्काला फोन लावला. मी निरोप सांगितला, तर ती म्हणाली, त्यांच्या तोंडून ऐकव. दाजींनी फोन घेतला, “व्हय,” एवढंच म्हणाले आणि बंद केला. पलीकडे तिनं काय विचारलं ते मला कळलं नाही. पण दाजींनी पंच्यानं तोंड पुसलं आणि पुसताना नको तेवढा वेळ लावला.

मघापासून उभी असलेली माणसं आता जवळ आली होती. त्यांतल्या एका जाणत्या दलालाला राहवेना. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दाजींना विचारलं, “काय मालक, एवढा वेळ कापडाखाली हात हुता. जमलं का न्हाई?”

दाजी पंचा झटकून खांद्यावर टाकत म्हणाले, “जनावर निकोप हाय. पर चार मानसं जमली का लंगडाय लागतंय.”